‘आमच्याकडे सगळे रुग्ण सारखेच’

‘डॉक्टरला फक्त रुग्ण दिसतो. तो कोणावर प्रेम करतो, साडी नेसतो की पँट घालतो, याच्याशी आम्हाला काय देणंघेणं?’ समलिंगी आणि तृतीयपंथी रुग्णांसाठी सरकारी दवाखान्यांनी काही करावं, असा विषय बैठकीत निघाला की हे उत्तर येतंच. देणारी माणसं बहुधा सालस असतात, चिडून बोलत नाहीत. त्यामुळे ते हसण्यावारी नेता येत नाही. त्यांचं म्हणणं नीट मांडलं तर असं आहे: समता हा मनाचा गुण, चांगल्या डॉक्टरकडे तो असतोच आणि वाईट डॉक्टरकडे परिपत्रकाने येणार नाही, तेव्हा समुदायाच्या संस्थांना ओपीडीत आणून बसवलं तर कामात खोळंबा तेवढा वाढेल.

हा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर घसरतो. रुग्ण डॉक्टरपर्यंत पोचतो तो सगळ्यात शेवटी. त्याआधी केसपेपरची खिडकी असते. तिथे नाव आणि लिंग विचारतात, आणि उत्तर समोरच्या चेहऱ्याशी जुळलं नाही की खिडकीतला माणूस मान वर करून बघतो. मग मागची रांगही बघते. आधारकार्डावरचं पुरुषाचं नाव मोठ्याने पुकारलं जातं आणि उठून येते ती बाई. भरती व्हायची वेळ आली की पुरुषांचा वॉर्ड की बायकांचा, यावर वॉर्डबॉयपासून सिस्टरपर्यंत सगळे मत देतात. विचारलं जात नाही ते फक्त रुग्णाला. स्त्रीरोग विभागात पहिला प्रश्न ‘लग्न झालंय का?’ पुढे काय तपासायचं, काय विचारायचं आणि काय विचारायचं टाळायचं, हे त्या एका उत्तरावर ठरतं. दुसऱ्या बाईबरोबर वीस वर्षं संसार केलेल्या बाईने इथे काय सांगावं? ‘हो’ म्हटलं तरी खोटं, ‘नाही’ म्हटलं तरी अपुरं. शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रावर सही करायला ‘जवळचे नातेवाईक’ बोलवा म्हणतात, आणि जी व्यक्ती रात्रभर बाकावर बसून आहे ती नातेवाईक धरली जात नाही.

यातलं एकही ठिकाण डॉक्टरच्या सद्भावनेच्या हद्दीत येत नाही. शिवाय जो माणूस एकदा अपमान गिळून गेला आणि पुन्हा फिरकलाच नाही, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात व्हायची? ‘आमच्याकडे कधी तक्रार आली नाही’ असं अधीक्षक सांगतात तेव्हा ते खरंच बोलत असतात. तक्रारदार दाराबाहेर राहिलेला असतो, एवढंच. त्याला आत आणणारं कोणी तरी लागतं, आणि माझं म्हणणं असं की ते काम समुदायातून आलेल्या गटांशिवाय होत नाही. आजवर जिथे झालं तिथे त्यांच्यामुळेच झालं.

मुंबईचं उदाहरण घ्या. १९९४ साली अशोक राव कवी यांनी सहकाऱ्यांसह हमसफर ट्रस्ट सुरू केला. संस्थेचं केंद्र उभं राहिलं ते वाकोल्यात, महापालिकेच्या जुन्या इमारतीत. या पत्त्याकडे लक्ष द्यायला हवं. भारतीय दंड विधानाचं कलम ३७७ तेव्हा जिवंत होतं. ज्यांचं खासगी आयुष्य कायद्याच्या लेखी गुन्हा होतं, त्यांच्या संस्थेला शहराच्या पालिकेच्या इमारतीत जागा मिळाली होती. औदार्य म्हणा हवं तर, पण खरं कारण गरजेचं होतं. एचआयव्हीची साथ पसरत होती आणि ज्या पुरुषांपर्यंत पोचायचं ते पालिकेच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला दिसतच नव्हते. ते कुठे भेटतात, कोणत्या नावाने हाक मारली तर वळून बघतात, कोण कोती (बायकी वळणाचा) आणि कोण पंथी (त्याचा पुरुषी जोडीदार), हे ठाऊक होतं ते त्यांच्यातल्याच कार्यकर्त्यांना. पुढे पालिकेच्याच शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाशी या कामाचा सांधा जुळला.

‘वैद्यकीय ज्ञान डॉक्टरांकडे असतं, कार्यकर्त्यांकडे नव्हे’ हा दुसरा आक्षेप इथेच तपासून घेऊ. ज्ञान डॉक्टरांकडे असतं हे कबूल. पण गुदद्वारातला किंवा घशातला लैंगिक संसर्ग विचारल्याशिवाय आणि पाहिल्याशिवाय सापडत नाही. डॉक्टर संकोचाने विचारत नाही, रुग्ण भीतीने सांगत नाही, मग मूळव्याधीचं मलम लिहून दिलं जातं आणि दुखणं तसंच राहतं. पुस्तकातलं ज्ञान पुस्तकातच राहतं. रुग्णाबरोबर आलेला त्याच्याच वस्तीतला माणूस आधी बाहेर त्याच्याशी बोलतो, मग आत डॉक्टरांना दोन शब्द सांगतो, तेव्हा कुठे तपासणीचं टेबल वापरलं जातं. याला लुडबुड म्हणायचं असेल तर दुभाष्यालाही लुडबुड्या म्हणावं लागेल.

या कामाला कायद्याने साथ दिली नाही तर काय होतं, ते लखनऊने २००१ साली दाखवलं. एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या दोन संस्थांच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी ३७७खाली पकडलं. कंडोम आणि माहितीपत्रकं वाटणं हेच त्यांचं काम होतं. दीड महिन्याहून जास्त ते तुरुंगात राहिले. म्हणजे एका सरकारी खात्याला जे हवं होतं तेच केल्याबद्दल दुसऱ्या सरकारी खात्याने डांबलं. हा विनोद पुढे न्यायालयातही गेला. ३७७विरुद्धच्या नाझ फाउंडेशनच्या याचिकेत दिल्ली उच्च न्यायालयासमोर गृह मंत्रालय ३७७ राहावं म्हणत होतं, तर आरोग्य मंत्रालयाची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, प्रतिज्ञापत्रावर सांगत होती की या कलमाच्या धाकाने लोक लपतात आणि साथ वाढते. नॅकोने आकडाही दिला होता: पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण ८ टक्के, सर्वसाधारण लोकसंख्येत १ टक्क्याहून कमी. २ जुलै २००९ चा निकाल वाचताना जाणवतं, की सरकारविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा सरकारच्याच आरोग्य खात्याने पुरवला. तो त्या खात्याकडे आला कुठून? गल्लीबोळांत फिरणाऱ्या अशाच गटांच्या वह्यांमधून.

‘ते सगळं जुनं झालं, आता कायदा बदललाय’ असं म्हणणारे नंतर उभे राहतात. बदललाय हे खरं. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा २०१४ चा नाल्सा निकाल, ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७चा काटा निघणं, २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींसाठीचा कायदा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, त्याच्या १८व्या कलमात लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क शब्दांत लिहिलेला आहे. पण वरून आलेला हुकूम खालपर्यंत किती उतरतो, याचा मासला फार मागचा नाही. ‘समलिंगीपणा बरा करून देतो’ म्हणणारे उपचार मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली निषिद्ध ठरवले, पाठ्यपुस्तकं सुधारा म्हणून बजावलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असं जाहीरही केलं. आणि त्याच आयोगाने २०२४ च्या ऑगस्टअखेरीस एमबीबीएसचा जो नवा अभ्यासक्रम काढला, त्यात न्यायवैद्यकाच्या धड्यात स्त्रियांमधलं समलिंगी प्रेम पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’च्या यादीत येऊन बसलं! त्याच आठवड्यात केंद्र सरकार सांगत होतं की या समुदायाशी भेदभाव करू नका अशी पत्रं आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पाठवली आहेत. ओरड झाली, काही दिवसांत अभ्यासक्रम मागे घेतला गेला. ओरड करणारे कोण होते? समुदायातले लोक, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले डॉक्टर. हुकूम कागदावर टिकवून धरायलासुद्धा बाहेर कोणी तरी जागं असावं लागतं.

परकीपणाचा आरोप मला सगळ्यात फुसका वाटतो, पण तोच सगळ्यात जास्त चालतो. ही पाश्चात्त्य पैशावर पोसलेली चळवळ आहे, आपल्या मातीतली नाही, असं म्हणणाऱ्यांनी रघुनाथ धोंडो कर्वे यांचं नाव ऐकलेलं असतं, पण सोयीने विसरलेलं असतं. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारा हा माणूस १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होता. वाचक त्याला हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल विचारत आणि तो शास्त्राच्या आधाराने छापील उत्तरं देई. त्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला. प्रश्न मात्र मराठीत विचारले गेले होते, आणि विचारणारे काही लंडनहून आलेले नव्हते.

पैशाचं म्हणाल तर सांगलीकडे बघा. मीना सेषू यांनी उभी केलेली संग्राम ही संस्था १९९२ पासून तिथे काम करते आहे, वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर आणि नंतर त्या व्यवसायातल्या पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तींबरोबरही. अमेरिकी सरकारच्या मदतीबरोबर वेश्याव्यवसायाच्या विरोधात शपथ घेण्याची अट आली, तेव्हा २००५ साली संग्रामने तो पैसा नाकारला. परक्या पैशाच्या तालावर नाचणारे असे पैसे परत करत नाहीत.

तरीही या आरोपात एक दुखरी गोष्ट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. कल्याण आणि पुण्यात तृतीयपंथीयांसाठी ‘मित्र’ नावाचे दवाखाने चालत होते, हैदराबादमधल्या पहिल्या दवाखान्याच्या धर्तीवर. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि तिन्ही बंद पडले. हार्मोनची औषधं घेणाऱ्या, समुपदेशकाकडे नेमाने येणाऱ्या माणसांना हा धक्का वॉशिंग्टनहून बसला. पण यातून निघतं काय? अशा कामाची गरज नाही, असं? की हे काम महापालिकेच्या आणि राज्याच्या अंदाजपत्रकात नाही, ही लाजेची गोष्ट आहे, असं? ज्यांना परकी मदत खुपते त्यांनी स्वकीय तरतुदीची मागणी करावी. तशी मागणी त्या गोटातून आलेली माझ्या ऐकिवात नाही.

आता घरातला आक्षेप. तो बाहेरच्या सगळ्यांपेक्षा वजनदार आहे. समुदायातलेच लोक म्हणतात, आरोग्य खात्याशी हातमिळवणी करून आम्ही काय कमावलं? माणसाचा ‘एमएसएम’ (पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष) झाला, ‘उच्च जोखीम गट’ झाला. महिन्याला किती जणांना भेटलात, किती कंडोम दिले, किती जणांची चाचणी झाली, याचे रकाने भरणं हीच चळवळ झाली. तुटपुंज्या मानधनावर उन्हातान्हात फिरणारा समुदायातलाच पीअर एज्युकेटर सरकारचा सगळ्यात स्वस्त कर्मचारी ठरला, आणि त्याला कर्मचारी म्हणायलाही सरकार तयार नाही. ज्यांच्यात विषाणू कमी होता त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. मुंबईत १९९५ पासून ‘स्त्री संगम’ हा समलिंगी आणि द्विलिंगी स्त्रियांचा गट होता, पुढे त्याचंच नाव लेबिया झालं. पण आरोग्याच्या योजनांत या बायकांना जागाच नव्हती. त्यांचं नैराश्य, घरच्यांनी जबरदस्तीने लावून दिलेली लग्नं, डॉक्टरकडे जायचं टाळत अंगावर काढलेली दुखणी, यांसाठी लक्ष्य ठरवणारा तक्ता कोणी छापला नाही. जन्माने स्त्री ठरवलेले पण पुरुष म्हणून जगणारे लोक तर या नकाशावर फार उशिरा उमटले.

हा आक्षेप मला बहुतांशी मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. दवाखान्याकडे पाठ फिरवण्याची चैन ज्यांना खासगी डॉक्टर परवडतो त्यांनाच करता येते. चूक हातमिळवणीची नव्हती, तिच्या अटींची होती. संस्थेला काम दिलं, अधिकार दिला नाही. रुग्णाला दारापर्यंत आणणं तिचं, आत काय घडतं ते विचारणं तिचं नाही, असा तो करार होता. २०२३ साली मुंबईच्या जी.टी. रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र वॉर्ड निघाला. ज्याला पुरुषांच्या वॉर्डात रात्र काढायची धास्ती वाटते त्याच्यासाठी हे मोठं काम आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण उरलेल्या वॉर्डांची जबाबदारी त्याने संपत नाही, आणि रायगडच्या ग्रामीण रुग्णालयात अपघाताने आलेल्याला तो वॉर्ड उपयोगाचा नाही.

म्हणून मागणी बारीक आणि कटकटीची असायला हवी. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात स्थानिक संस्थांना जागा असते. तिथे या गटांचा माणूस बसवा आणि तक्रारींची वही त्याच्यासमोर उघडा. जो कार्यकर्ता रुग्णाला घेऊन येतो त्याला मानधनाऐवजी पगार द्या. परिचारिकांच्या आणि खिडकीवरच्या कारकुनांच्या प्रशिक्षणात शिकवायला त्यालाच बोलवा, आणि त्या तासाचेही पैसे द्या; अनुभव फुकट मागायची सरकारी सवय फार जुनी आहे.

‘पण सरकारी दवाखान्यात हाल सगळ्यांचेच होतात, मग यांचेच लाड का?’ हा शेवटचा प्रश्न उरतो. तो गरिबांच्या बाजूने विचारल्यासारखा वाटतो, म्हणून त्याचं उत्तर एका रकान्यापुरतं देतो. मानसिक आरोग्य कायद्याच्या १४व्या कलमाने प्रत्येक सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडायचा हक्क दिला आहे. तो रक्ताचा किंवा लग्नाचा असलाच पाहिजे असं नाही. मनोरुग्णाला जे मिळतं ते हाड मोडलेल्या रुग्णाला का मिळू नये? केसपेपरवर ‘पती/वडील’च्या जागी ‘रुग्णाने सांगितलेली व्यक्ती’ असा रकाना आणा. समलिंगी जोडप्यातली जोडीदार तिथे सही करेल. नवऱ्याने टाकलेली बाई आपल्या बहिणीचं नाव लिहील, बिहारहून बांधकामावर आलेला पोरगा खोलीतल्या सोबत्याचं, मुलं परदेशात असलेले आजोबा शेजाऱ्याचं.