गिऱ्हाइकाचे उत्तर लवकर कसे येईल?

आपल्या पेढ्यांतून दरवर्षी भावपत्रके टपालात पडतात आणि त्यांपैकी बहुतेकांस उत्तर येत नाही. अशा वेळी टपालखात्यास अथवा गिऱ्हाइकाच्या आळसास दोष देण्याची आपणांस सवय जडली आहे. आमच्या मते दोष बहुधा पत्र लिहिणाराचाच असतो.

आपल्या समाजात एक पत्र असे आहे की, त्यास उत्तर हटकून येते. ते म्हणजे पर्युषणानंतरचे क्षमापनापत्र. मजकूर चार ओळींचाच. परंतु ते नावानिशी लिहिलेले असते, योग्य तिथीस पोचते आणि उत्तर काय द्यावयाचे हे वाचणारास आधीच ठाऊक असते. व्यापारी पत्रासही हेच तीन गुण हवेत.

पहिला गुण आपलेपणाचा. शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढली, ती मुळात कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी. परंतु वाचणाराच्या उपयोगाचा मजकूरही तीत असे. म्हणूनच तिचे पुढे घरोघर वाचले जाणारे 'किर्लोस्कर' मासिक झाले. आपल्या पत्रातही भावाबरोबर यंदाचा दाणा कसा आहे, पाऊस लागला की नाही, साठवण कशी करावी, हे दोन ओळींत सांगावे. पत्त्यांची वही दरसाल तपासावी. गाव सोडून गेलेल्यांस व दिवंगतांस पत्रे धाडणारी पेढी स्वतःची अनास्थाच जाहीर करते.

दुसरा गुण वेळेचा. माळव्याचा नवा गहू होळीच्या सुमारास उज्जयिनीच्या मंडीत येऊ लागतो आणि महाराष्ट्रातील कुटुंबे उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करतात. लोकवन व शरबती यांचे नमुने त्यापूर्वीच हाती पडले पाहिजेत. कणगी भरल्यावर आलेले पत्र म्हणजे पंगत उठल्यावर आलेला पाहुणा!

तिसरा गुण सोयीचा. हिंदुस्थानात १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. पुढे उत्तरासाठी कोरे कार्ड जोडलेले जोडकार्डही मिळू लागले. त्यातील मर्म हे की, उत्तराचा खर्च व श्रम विचारणाराने सोसावे. टपालखात्याच्या 'बिझनेस रिप्लाय' व्यवस्थेत जेवढी उत्तरे परत येतील तेवढ्यांचेच हशील पेढीस द्यावे लागते. कार्डावर मालाची नावे छापून पुढे केवळ आकडा भरण्यास जागा ठेवावी. फोनवरून कळवू इच्छिणारासाठी क्रमांकही ठळक द्यावा. एका पत्रात एकच गोष्ट विचारावी. चार गोष्टी विचारल्या की गिऱ्हाईक 'उद्या पाहू' म्हणते, आणि तो उद्या उगवत नाही.

आता जे सांगावयाचे ते थोडे संकोचाचे आहे. लवकर उत्तर यावे म्हणून एका वर्षी आम्ही 'भाव चारच दिवस, माल थोडा' असे लिहिले. वखार तर भरलेली होती! मागण्या भराभर आल्या. महिन्याभरात भाव उतरला आणि तोच माल आम्ही स्वस्तात विकला. ही गोष्ट झाकून राहिली नाही. पुढील वर्षी त्यांतील पुष्कळ जुनी घरे गप्प राहिली. त्यांनी तक्रार केली नाही, हेच आम्हांस अधिक लागले.

तत्त्वार्थसूत्रात कमीजास्त मापे हा अचौर्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे, तसा कूटलेखक्रिया हा सत्याणुव्रताचा. तराजू आपण जपतो. लेखणीस मात्र सूट देतो. मुदत अवश्य घालावी, कारण मुदतीवाचून माणूस हलत नाही. पण ती खरी असावी, आणि ती टळल्यावर भाव खरोखरच बदलावा.

शेवटी एक गोष्ट. गिऱ्हाइकाचे उत्तर आले की आपली पोच त्याच दिवशी गेली पाहिजे. जी पेढी स्वतः आठ दिवस मौन धरते, तिने इतरांकडून त्वरेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? आपल्या व्यापारी बंधूंनी याचा विचार करावा, इतकीच आमची नम्र विनंती आहे.