कांद्याची गाडी सरहद्दीवर का अडते?

कांदा निर्यातीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गावांची नावे येतात, दिल्ली आणि लासलगाव. घोजाडांगा, महदीपूर, हिली, पेट्रापोल ही नावे फारशी कोणाच्या कानावर नसतात. ही पश्चिम बंगालमधली, बांगलादेशाच्या सरहद्दीवरची कस्टमची ठाणी. नाशिकहून भरलेली गाडी दोन हजारांच्या आसपास किलोमीटर तोडून चार-पाच दिवसांनी तिथे उभी राहते. 2022-23 साली देशातून 25 लाख टनांवर कांदा बाहेर गेला, त्यातला 6 लाख 71 हजार टन एकट्या बांगलादेशाने घेतला. दुबई, मलेशियाला कंटेनर जातात, पण बांगलादेशाचा बराचसा व्यापार रस्त्याने चालतो. म्हणून त्या ठाण्यांवर काय घडते याच्याशी आपल्या खळ्यावरच्या भावाचा थेट संबंध आहे.

आपल्यातला बऱ्याच जणांचा समज असा, की गाडी भरली, ताडपत्री बांधली, बिल्टी फाटली, म्हणजे निर्यात झाली. कायद्याच्या लेखी तसे नाही. नाशिक ते बंगाल हा सगळा प्रवास देशातलाच. ताज्या कांद्यावर जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिलसुद्धा लागत नाही. निर्यात सुरू होते ती कस्टमकडे कागद दाखल झाल्यावर. कस्टम कायदा 1962 च्या कलम 50 प्रमाणे जहाजाने जाणाऱ्या मालाला शिपिंग बिल आणि जमिनीच्या वाटेने जाणाऱ्या मालाला बिल ऑफ एक्सपोर्ट भरावे लागते. व्यवहारात दोन्हींना शिपिंग बिलच म्हणतात. त्याच्यासोबत इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, निर्यातदाराचा आयईसी नंबर, अपेडाची नोंदणी आणि कीडरोगमुक्ततेचा दाखला, म्हणजे फायटो, हे सगळे लागते. बँकेत खरेदीदाराची एलसी उघडलेली असावी लागते. अधिकारी कागद आणि माल पाहतो, आणि मग कलम 51 खाली माल जाऊ देण्याचा हुकूम देतो. याला लेट एक्सपोर्ट ऑर्डर म्हणतात. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे.

कलम 16 सांगते, की निर्यात शुल्काचा दर कोणता लावायचा हे या हुकुमाच्या तारखेवर ठरते. गाडी कधी भरली, सौदा कधी झाला, शिपिंग बिल कधी भरले, याला किंमत नाही. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावले, तेही त्याच दिवसापासून. आता हिशोब करून बघा. टनाला 25 हजार रुपये किंमत धरली तर 30 टनांच्या गाडीत साडेसात लाखांचा माल झाला. त्यावर 40 टक्के म्हणजे तीन लाख. आधल्या दिवशी हुकूम मिळालेली गाडी तीन लाख वाचवून पलीकडे गेली आणि तिच्या मागे रांगेत उभी असलेली अडकली. कांदा तोच, सौदाही कदाचित त्याच भावाचा. हे तीन लाख व्यापारी स्वतःच्या खिशातून घालत नाही, ते पुढच्या लिलावात वसूल होतात. 21 ऑगस्टपासून नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्या बंद राहिल्या, त्याचे एक कारण रस्त्यात आणि रांगेत असलेला हा मालही होता.

बंदीच्या वेळी नियम थोडा वेगळा चालतो. 8 डिसेंबर 2023 पासून बंदी आली तेव्हा अधिसूचनेत सूट होती. बंदीपूर्वी जो माल कस्टमच्या ताब्यात दिलेला आणि त्यांच्या संगणकात नोंदलेला होता, किंवा तारीख-वेळेच्या पुराव्यासह कस्टमच्या आवारात शिरलेला होता, तो जाऊ शकत होता. म्हणजे आवाराच्या फाटकाच्या आत गाडी असेल तर सुटली, बाहेरच्या पार्किंगमध्ये असेल तर अडकली. सप्टेंबर 2020 मध्येही असेच झाले. 14 तारखेला अचानक बंदी आली. चार-पाच दिवसांनी, ज्यांचे कागद आधीच पुरे झालेले होते त्या मालाला जाऊ दिले. तोवर ताडपत्रीखाली बराच कांदा नासला होता. बंदी घालावी की नाही हा राजकारणाचा प्रश्न, तो बाजूला ठेवू. पण नाशवंत मालाची पाच दिवसांची वाट असताना फर्मान मात्र रातोरात लागू करायचे, हे कोणत्याही बाजूने बरोबर ठरत नाही. वाटेतल्या मालाला ठरावीक दिवसांची मुदत द्यायला काय हरकत होती?

आता हा फटका शेतकऱ्याच्या अंगावर कसा येतो ते पाहू. बाजार समितीत लिलाव करून पट्टी घेतली तर निदान त्या गाडीपुरते आपण मोकळे झालो. पण अलीकडे शिवारातून किंवा चाळीतून थेट खरेदी होते आणि काही ठिकाणी बोली असते, “माल पार झाल्यावर पैसे.” वरवर बघता भाव क्विंटलमागे थोडा जास्त मिळतो, म्हणून आपण हो म्हणतो. याचा खरा अर्थ असा, की गाडी भरल्यापासून ते हुकूम निघेपर्यंत सगळी जोखीम आपण डोक्यावर घेतली, आणि तीही एका ओळीच्या लिखापढीशिवाय. असा व्यवहार करायचाच असेल तर बंदी, शुल्क किंवा सडणे यातले काही झाले तर तोटा कोणाचा, हे कागदावर घ्या. गावात ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी असतात. दोन साक्षीदारांसह साधा करारनामा करून घेणे त्यांना अवघड नाही.

शेतकरी उत्पादक कंपन्यांनी स्वतः निर्यात करायची म्हटली तर आयईसी काढणे सोपे आहे. पाचशे रुपये फी भरली की तो ऑनलाइन मिळतो. खरे काम पुढे असते. कागदावरचे प्रत्येक नाव आणि आकडा एकमेकांशी जुळला पाहिजे. इनव्हॉइसवर 600 गोणी आणि फायटोवर 580, एवढी तफावतसुद्धा गाडी बाजूला लावायला पुरते. एलसीवर खरेदीदाराचे नाव जसे आहे तसेच सगळीकडे लागते. परवानाधारक कस्टम ब्रोकर नेमावा, आणि त्याचे सरहद्दीवरच्या त्या ठाण्यावर माणूस आहे का ते आधी विचारावे. मुंबईच्या बंदरात उत्तम काम करणारा ब्रोकर महदीपूरला उपयोगी पडेलच असे नाही.

फायटोबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण हा एकच कागद असा आहे जो शेतातच तयार होतो. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण तपासणी मालाची होते. कांद्याला चिकटलेली माती, ओली मान, काळी बुरशी, कुजका वास, यापैकी काही सापडले तर दाखला अडतो. काढणीनंतर पातीसकट शेतात सुकवणे, मान पिळवटून पूर्ण वाळल्यावर ती तीन-चार सेंटिमीटर ठेवून कापणे, नंतर सावलीत पातळ थर देणे हे आपण दरवर्षी सांगतो, आणि बाजार चढला की दरवर्षी ते गुंडाळून ठेवले जाते. ओला कांदा लासलगावपर्यंत खपून जातो. पाच दिवस ताडपत्रीखाली आणि वर चार दिवस रांगेत राहिला की त्याला घाम फुटतो, आणि तळच्या गोणीतून पाणी गळायला लागते. जाळीच्या गोण्यांत भरून मधून हवा खेळेल अशी थप्पी लावावी. हमालांना घाई असते, पण उभे राहून करून घ्यावे.

सरहद्दीपर्यंत गेलेली गाडी सरळ ढाक्याला जात नाही, हेही ध्यानात घ्यावे. भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान यांच्यात मोटार वाहतुकीचा करार 2015 मध्ये थिंफूला झाला, पण भूतानने त्याला मान्यता दिली नाही आणि गाड्या मोकळ्या फिरण्याचे काम रखडले. पेट्रापोलला ड्रायव्हरला कार पास मिळतो, तो गाडी बेनापोलच्या आवारात नेतो, तिथे माल उतरतो, त्यांच्या गाडीत चढतो, आणि आपली गाडी रिकामी परत येते. दोनदा हाताळणी झाली की साल निघते आणि मार लागतो.

पलीकडची सुट्टी शुक्रवारची असते. त्या दिवशी हिली, भोमरा इथला व्यापार बंद राहतो आणि ईदला तर सलग आठवडाभर. अलीकडे दुर्गापूजेत काम थांबते. ऑगस्ट 2024 मध्ये बांगलादेशातले सरकार पडले तेव्हाही काही दिवस फाटके बंद होती. गाडी गुरुवारी संध्याकाळी पोहोचेल अशी भरणे म्हणजे दोन रात्री फुकट घालवणे.

आणि सर्वात शेवटी, पण भावाच्या दृष्टीने सगळ्यात आधी पाहायचा कागद म्हणजे तिकडच्या खरेदीदाराचा आयात परवाना. तो ढाक्यातील त्यांचे कृषी खाते देते. स्वतःचा कांदा निघाला की ते परवाने थांबवतात, आपल्या शेतकऱ्यासाठी सरकार करते तसेच ते त्यांच्या शेतकऱ्यासाठी करतात. 2023 मध्ये मार्चच्या मध्याला परवाने थांबले ते 5 जूनला पुन्हा सुरू झाले. म्हणजे आपला उन्हाळ कांदा बाजारात ओसंडत होता नेमक्या त्याच काळात. परवान्यावर टनांचा आकडा आणि मुदत असते. व्यापारी बांगलादेशाच्या नावाने जादा भाव सांगत असेल तर त्या परवान्याची प्रत मोबाइलवर मागवून घ्यायला सांगा, आणि तारीख पाहूनच चाळीचे दार उघडा.