कागद दाखवा, लस घ्या

१ मार्च २०२१ ला साठीपुढच्या लोकांबरोबर ४५ ते ५९ वयातल्या सहव्याधीग्रस्तांनाही कोरोनाची लस खुली झाली. केंद्र सरकारने २० व्याधींची यादी काढली, तीत एचआयव्हीही होता. धोका जास्त त्याला लस आधी, हेतू चांगलाच. अट एकच : नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीचं प्रमाणपत्र आणायचं. तालुक्याच्या केंद्रावर कागद तपासायला कोण बसलेलं असायचं? गावच्या शाळेतले गुरुजी, नाहीतर जावेची चुलतबहीण. १ एप्रिलला ४५च्या पुढच्या सगळ्यांसाठी ती अट गेली. मधला महिनाभर जो एचआयव्ही पॉझिटिव्ह माणूस घरी थांबला, त्याला लसविरोधक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एचआयव्हीग्रस्तांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय उघड करू नये, असं सांगणारा २०१७चा कायदा तोवर लागू होऊन अडीच वर्षं झाली होती. कागद दाखवायची सक्ती कुणी केली नव्हती, हे मान्य. पण ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या एआरटी, म्हणजे एचआयव्ही-उपचाराच्या सेंटरवरून गोळ्या आणणारी माणसं आहेत. एसटीचं भाडं परवडतं, गावातली कुजबुज नाही. त्यांना ही निवड कसली?

या माणसांचा औषधावर विश्वास नाही, असंही नाही. २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळणाऱ्या गोळ्या न चुकता घेण्याची शिस्त आपल्यापैकी किती जणांना जमेल? ते विचारतात एवढंच : ‘मॅडम, गोळ्या चालू आहेत, लस चालेल ना? सीडी-फोर खाली नाही ना येणार?’ प्रश्न अगदी रास्त आहे. सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली असेल तर गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत विषाणूंच्या लशी टाळतात. फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी यांच्या निष्क्रिय लशींना तो अडसर नाही. प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांचा परिणाम थोडा उणा पडतो, इतकंच. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण गोळ्यांच्या रांगेत ती दोन मिनिटं काउन्सेलरकडे नसतात, आणि बाहेरच्या डॉक्टरला विचारायचं तर आधी आजार सांगावा लागतो.

हिपॅटायटिस बीचंच घ्या. तो एचआयव्हीच्याच वाटांनी पसरतो : रक्त, सुई, शरीरसंबंध, आईकडून बाळाला. आज चाळिशीत असलेल्या बहुतेकांना लहानपणी सरकारी कार्यक्रमात ही लस मिळालेली नाही, कारण तेव्हा ती त्यात नव्हतीच. मग आता कुठे घ्यायची? मला विचाराल तर जिथे गोळ्या मिळतात तिथेच, गोळ्यांच्याच तारखेला, त्याच फाइलवर नोंद करून. सिव्हिलमध्ये बाळांच्या लशींचा फ्रिज असतोच. हवा आहे तो एक लेखी आदेश, आणि मोठ्यांच्या डोससाठी वेगळी तरतूद.