करूळचा उतार आणि पेट्रोलचा अभिमान

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीवर विजेच्या गाडीचा विषय काढून बघा. समोरचा कप खाली ठेवून ऐकवेल, "ईव्ही म्हणजे आपल्या दारातला धूर उचलून चंद्रपूरच्या चिमणीत नेऊन टाकायचा. त्यापेक्षा आताचं पेट्रोल इंजिन काय वाईट? शिवाय पेट्रोलात आपल्याच उसाचं इथेनॉल!" ओतकामावर वाढलेल्या गावात इंजिनाची बाजू घेणारे असणारच. त्यांना हसण्यावारी नेऊ नये, पण हिशेब मात्र मागावा.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गावात गाडी 15 चं अ‍ॅव्हरेज देत असेल, तर किलोमीटरमागे दीडशे ग्रॅम. आपली वीज बहुतांशी कोळशाची, युनिटमागे ढोबळ 700 ग्रॅम. एका युनिटात ईव्ही सहा किलोमीटर गेली, तर 117 ग्रॅम. चंद्रपूरचा धूर धरूनही पेट्रोल मागेच. (रिफायनरीचा आणि बॅटरी बनवण्याचा खर्च यात नाही, तो दोन्ही बाजूंना पडतो.) पण 22 चं अ‍ॅव्हरेज देणारी हायब्रिड 105 ग्रॅमवर येते, हे ईव्हीच्या भक्तांनीही ऐकून घ्यावं.

इथेनॉलच्या अभिमानाचं काय? लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश उष्णता कमी. वीस टक्के मिसळलं की टाकीतली सहा-सात टक्के ऊर्जा गेली. त्याच्या जास्त ऑक्टेनचा फायदा उठवायला कॉम्प्रेशन वाढवलेलं इंजिन लागतं. आपल्या दारातल्या दहा वर्षांच्या गाडीत ते कुठलं?

आणि पेट्रोल इंजिनाचं खरं दुखणं वेगळंच आहे. जगातली उत्तम इंजिनं 40 टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता गाठतात, पण ती ठरावीक भारावर. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभ्या गाडीत ती शून्य असते. हायब्रिड तिथं इंजिन बंद करते, ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत घेते.

त्यालाही मर्यादा आहे, आणि ती कळायला गगनबावड्याला जावं. दीड टनाची गाडी करूळ घाटातून चारशे मीटर खाली उतरली असं धरा. घर्षण, हवा वजा जाता युनिटभराच्या आसपास वीज परत मिळायला हवी. आपल्याकडच्या मध्यम हायब्रिड एसयूव्हीची बॅटरीच पाऊण युनिटची, तीही आधीच अर्धी भरलेली. निम्म्या घाटातच ती 'पुरे' म्हणते आणि पुढं इंजिनाच्या ब्रेकवर उतरावं लागतं. ईव्हीची बॅटरी तीस-चाळीस युनिटांची. वैभववाडी येईपर्यंत ती गुमान गिळत राहते. मात्र घरून शंभर टक्के चार्ज करून निघालात, तर तिच्याही पोटात जागा नसते!

इंजिन गेलं तर ओतकाम जाईल ही फौंड्र्यांची भीती खोटी नाही, पण हायब्रिडलाही सिलिंडर ब्लॉक लागतोच. ट्रॅक्टर, ट्रक आणि पंपांचं कास्टिंगही उद्या थांबणार नाही.

म्हणून माझा कौल असा: दारात जागा, भिंतीत प्लग आणि रोजची ठरलेली ये-जा असेल, तर ईव्हीच. शिवाजी पेठेतल्या बोळात राहणाऱ्यानं मात्र माडीवरून वायर सोडून गल्लीभर भांडण ओढवून घेऊ नये. त्यानं हायब्रिड घ्यावी.