बर्फात मुद्दाम अडकलेलं जहाज

दोस्तांनो, आंघोळ करताना ओला साबण मुठीत घट्ट आवळून पाहा बरं. सुळकन वर निसटतो की नाही? याच युक्तीवर सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एक अख्खं जहाज बांधलं गेलं!

त्याचं असं झालं. १८८१ साली ‘जीनेट’ नावाचं अमेरिकन जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात सापडलं, चिरडलं आणि बुडालं. तीन वर्षांनी त्यावरच्या काही वस्तू मिळाल्या. कुठे, माहीत आहे? थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर!

नॉर्वेचा तरुण शास्त्रज्ञ फ्रिटजॉफ नान्सेन विचारात पडला. वस्तू एवढ्या लांब आल्या, म्हणजे ध्रुवाकडचा बर्फ वाहत असणार. मग आपणच जहाज मुद्दाम बर्फात अडकवलं तर? अनुभवी ध्रुवप्रवाशांनी त्याला वेड्यात काढलं. बर्फानं जहाजाचा चुरा केला, तर वाचवायला येणार कोण?

म्हणून सगळी मदार तयारीवर! कॉलिन आर्चर या जहाजबांधणी करणाऱ्यानं ‘फ्राम’ बांधलं. फ्राम म्हणजे ‘पुढे’. लांबी ३९ मीटर, रुंदी तब्बल ११ मीटर. तळ नारळाच्या करवंटीसारखा गोल, म्हणजे दोन्ही बाजूंनी बर्फानं दाबलं की जहाज वर उचललं जावं. लाकडी भिंती सुमारे दोन फूट जाड. सुकाणू आणि पाण्यातला पंखा वर ओढून घ्यायची सोय. थंडी आत शिरू नये म्हणून खोल्यांच्या भिंतींत नमदा, बूच आणि रेनडिअरचे केस भरले. दिव्यांसाठी डेकवर चक्क पवनचक्की! शिवाय तेरा माणसांना पाच वर्षं पुरेल इतकं अन्न, मोजमापाची उपकरणं आणि वाचायला भरपूर पुस्तकं.

२४ जून १८९३ ला फ्राम निघालं आणि सप्टेंबरात ठरल्याप्रमाणे बर्फात अडकलं. पण एक गोष्ट कमी पडलीच! तिथला समुद्र उथळ आहे असं समजून खोली मोजायची लांब दोरी नेलीच नव्हती. वजन कितीही खाली सोडा, तळ काही लागेना. आता दुकान कुठे शोधायचं? मग त्यांनी जहाजाच्या एका पोलादी दोराचा पीळ सोडवला आणि त्याचे पदर जोडून चार हजार मीटरहून लांब दोर वळला. तेव्हा कुठे कळलं, की तळ तीन हजार मीटरहूनही खाली आहे! ध्रुवाकडचा समुद्र खोल आहे, हा या सफरीचा फार मोठा शोध ठरला.

खरी परीक्षा झाली जानेवारी १८९५ मध्ये. बर्फाचे डोंगर सरकत आले, डेकवर चढू लागले. लाकूड करकरू लागलं. जहाज सोडायची तयारी झाली. आणि फ्राम हळूच वर उचललं गेलं!

मार्चमध्ये नान्सेन एका सोबत्याबरोबर जहाज सोडून ध्रुवाकडे निघाला. ध्रुव काही त्याला गाठता आला नाही. पण ऑगस्ट १८९६ मध्ये तो परतला आणि त्याच महिन्यात बर्फातून सुटलेलं फ्रामही. तेराच्या तेरा जण सुखरूप! आज हे जहाज ऑस्लोच्या संग्रहालयात आहे.

आता एक गंमत करा. पाच वर्षं दुकानाचं तोंडही दिसणार नाही असं समजून सामानाची यादी लिहा. मग डोळे मिटून त्यातली एक वस्तू खोडा. सांगा पाहू, तिच्यासाठी तुम्ही कशाचा पीळ सोडवाल?