बाकी पुढे ओढताना

दिवाळीत वहीपूजन होऊन नवी चोपडी उघडली, तरी जुनी लगेच रद्दीत जात नाही. तिच्यातील बाकी नव्या पानावर ओढली जाते आणि ते काम पेढीतील जाणता माणूस करतो. संगणकावरील हिशेबप्रणालीची नवी आवृत्ती घेताना मात्र हेच काम बाहेरून आलेल्या तंत्रज्ञावर सोपवून मालक गिऱ्हाइकीत गुंततात.

पुणे-सोलापूर महामार्गावरील यवतसारख्या गावात ही गोष्ट साधी नाही. दौंड तालुक्याचा हा भाग उसाचा आणि गुऱ्हाळांचा. खते, किराणा किंवा कापड उधारीवर नेणारा शेतकरी उसाचे पैसे हाती आल्यावर खाते चुकते करतो. त्याची उधारी ३१ मार्चला संपत नाही. आवृत्ती कधीही बदला, कोणाची ना कोणाची बाकी वाटेत असतेच. बुडालेली रक्कम पेढी सोसू शकते. पण फेडलेली रक्कम पुन्हा मागितली गेली, तर पिढ्यांची पत जाते.

बहुतेक पेढ्यांवर दिसणारी टॅली ही प्रणाली व्यापाऱ्याच्या गरजेतूनच जन्मली. बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाजोगी प्रणाली मिळेना, तेव्हा त्यांनी चिरंजीव भरत यांच्याकडून ती तयार करून घेतली. ते साल १९८६. पुढे २००९ मध्ये ईआरपी ९ आणि २०२० मध्ये टॅलीप्राइम आली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्याचे नियम बदलत राहिले. त्यामुळे जुन्या आवृत्तीवर फार काळ विसंबता येत नाही.

बदल करण्यापूर्वी जुन्या आवृत्तीतून तेरीज, येणे-देण्याची यादी आणि मालसाठा कागदावर छापून घ्यावा. संपूर्ण हिशेबाच्या दोन प्रती काढाव्यात. एक दुकानाबाहेर ठेवावी. रूपांतर मूळ हिशेबावर न करता प्रतीवर करावे, कारण नव्या आवृत्तीत गेलेला हिशेब जुनीत पुन्हा उघडत नाही.

त्यानंतर दोन्ही तेरजा शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. तथापि तेरीज जुळली म्हणजे सर्व जुळले, असे नव्हे. एकाच आडनावाच्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यात पडली, तरी बेरीज तीच राहते. म्हणून प्रत्येक खात्याची बाकी, आणि तीही बिलनिहाय, तपासणे आवश्यक.

जुना हिशेब पुसण्याची घाई करू नये. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. २०२३-२४ चे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरावयाचे होते. त्या वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत दाखवता आला पाहिजे. तो उघडू शकणारी जुनी आवृत्ती किंवा छापील प्रत हाताशी नसेल, तर जपणूक नावापुरतीच.

शेवटची तपासणी पेढीबाहेरची. नव्या आवृत्तीतून निघालेला पहिला खातेउतारा शेतकऱ्याच्या हाती द्यावा आणि त्याने आपल्या पावत्यांशी ताडून होकार दिल्यावरच बाकी पुढे ओढली गेली, असे मानावे.