पहिली गाडी जुनी घ्या, पण नावावर करून घ्या



दिवाळीच्या सुमारास बोनसचे किंवा कापसाचे चार पैसे हातात आले, की घरोघरी एक विषय हमखास निघतो. पोरगा कामाला लागला, त्याला गाडी पाहिजे. नवी परवडत नाही, तेव्हा जुनी पाहायची. यात वावगे काहीच नाही. सेलू-आर्वीकडच्या खेड्यातून वर्ध्याला किंवा देवळीच्या एमआयडीसीत वेळेवर पोचायचे, तर नुसत्या एस.टी.च्या भरवशावर भागत नाही.

अलीकडे मुलांना उंच गाडी हवी असते. डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारी. पूर्वी दूधवाल्याची राजदूत हेच काम करायची. हिरोने २०११ साली १५० सीसीची इम्पल्स काढली. ती केव्हाच बंद झाली, म्हणून स्वस्तात मिळाली तरी आधी मिस्त्रीला विचारा, सुटे भाग मिळतील काय? २०१९ मध्ये त्याच कंपनीची एक्सपल्स २०० आली. जुन्या बाजारात कमी पैशात पाहण्याजोगी हीच. रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ पासूनची, ४११ सीसीची. पण तिचे वजन दोनशे किलोच्या आसपास. नवशिक्याने ती चिखलात पाडली, तर एकट्याने उचलणे कठीण.

आता आधी विचार करा, ही हौस आहे की गरज? आपली जमीन काळी. पावसाळ्यात पांदण रस्त्याने साधी गाडी नेली, की चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचे थांबते. उंच गाडीचे पुढचे मडगार्ड टायरपासून बरेच वर असते, तिथे चिखल तितका अडकत नाही. पुढचे चाक २१ इंचांचे, त्यामुळे खड्डा सहज पार होतो. ज्याला रोज असा रस्ता तुडवावा लागतो, त्याने ती जरूर घ्यावी. पण ज्याचे जाणे-येणे घर ते कारखाना डांबरी रस्त्यानेच आहे, त्याला शंभर सीसीची साधी गाडी पुरे. तिला पेट्रोल कमी आणि दुरुस्ती कोणत्याही चौकात.

आणखी एक. एक्सपल्सची सीट जमिनीपासून ८२३ मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेबत्तीस इंच उंच. चालवणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात काय, ते बसवून पाहा. आईला मागे बसवून पाहा. दवाखान्यात तिलाच न्यायचे आहे, आणि तिला लुगडे सावरून चढता येत नसेल तर ती गाडी घराच्या उपयोगाची नाही.

गाडी पाहायला दिवसा जा, सोबत ओळखीचा मिस्त्री न्या. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवले असेल तर काहीतरी झाकायचे आहे असे समजा. निळसर धूर निघाला तर इंजिन ऑईल जाळते. पुढच्या शॉकअपमधून तेल गळते काय, चाक फिरवल्यावर रिम डुलते काय, आऱ्या सैल आहेत काय, चेन-स्प्रॉकेटचे दात टोकदार झालेत काय, हे पाहा. इंजिनाखालची पत्री फार चेपलेली असेल, तर गाडी दगडांवर आपटली आहे.

गाडी पसंत पडली, की कागद. आरसी बुकावरचे इंजिन व चेसीस नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चलन थकले आहे काय, ते परिवहन खात्याच्या अॅपवर दिसते. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओकडे कळवायचे असते. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

इथेच आपली माणसे आळस करतात. "करू पुढच्या महिन्यात" म्हणतात, आणि गाडी वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावाने धावते. विम्यात मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे व्यक्तिगत अपघात संरक्षण असते. पण ते मिळण्यासाठी गाडी त्याच्या नावावर, विमा त्याच्या नावावर आणि लायसन पक्के, या तिन्ही गोष्टी लागतात. एक जरी नसली तर कर्ता मुलगा गमावलेल्या आईच्या हाती त्यातले काही येत नाही. विकणाऱ्यालाही हे लागू. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले, की गाडी कितीही हातांतून गेली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक; अपघाताची भरपाई त्याच्यावर येते.

म्हणून हिशेब असा मांडा. हातात जेवढी रक्कम आहे तिचा पाचवा भाग आधी बाजूला काढा. त्यातून नावबदल, विमा, टायर-चेन आणि आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेट. उरलेल्या पैशात बसेल तीच गाडी. विकणारा आरटीओत यायला टाळाटाळ करीत असेल तर तो सौदा सोडून द्या. गाड्या पुष्कळ आहेत.